राजीनाम्याचे मोल

राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी’ हे प्रकरण दोन-अडीच पानांत आटोपते. राज्यघटनेच्या ७५व्या कलमाचे तिसरे पोटकलम सांगते की, मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून आपण ते पाठ करतो आणि उत्तरपत्रिका बांधून दिली की विसरतो. परंतु हे तत्त्व पाळताना एका मंत्र्याला आपली खुर्ची सोडावी लागली होती, आणि तो मंत्री आमच्या नागझिऱ्याच्या जंगलकाठच्या गावांनी निवडून दिलेला होता, ही गोष्ट बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हती. माझ्या वर्गातील कोणालाही ती ठाऊक नव्हती. म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

त्या मंत्र्यांचे नाव अशोक मेहता. जन्म १९११ साली भावनगरचा. वडील रणजितराम मेहता हे गुजराती भाषेतील नावाजलेले साहित्यिक. त्यांच्या नावाचे सुवर्णचंद्रक गुजरातीत आजही मानाचे समजले जाते. मुलाचे शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तो तुरुंगात गेला. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी अशा तरुणांची जी संगत जमली, तीतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्या संगतीत अशोक मेहताही होते. मुंबईत राहून कामगार संघटना, वृत्तपत्र आणि अर्थशास्त्राचा अभ्यास या तीन गोष्टींत त्यांचे तारुण्य गेले. मग हा मुंबईकर गुजराती अर्थपंडित धानाच्या आणि तेंदूपानाच्या मुलखात कसा आला?

१९५४ ची पोटनिवडणूक

यासाठी आपल्याला त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. गोंदिया जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. भंडारा जिल्हाही तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. तो जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नागझिरा हे अभयारण्य झाले १९७० साली, आणि नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला २०१३ साली. १९५४ मध्ये नागझिरा म्हणजे एक तलाव आणि त्याभोवतीचे साग, ऐन, बीजा, मोह आणि बांबूचे रान. या रानाच्या आसपासची गावे भंडारा लोकसभा मतदारसंघात मोडत.

हा मतदारसंघ दुहेरी होता. आजच्या विद्यार्थ्याला हा शब्द अपरिचित वाटेल. त्या वेळी काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात. एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी (किंवा जमातींसाठी) राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

१९५४ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. प्रजासमाजवादी पक्षाने सर्वसाधारण जागेवर अशोक मेहतांना उभे केले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही जोडी नवी नव्हती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईच्या एका दुहेरी मतदारसंघातून हे दोघे बरोबरच उभे होते आणि दोघेही पडले होते. तेथे बाबासाहेबांना हरवणारे उमेदवार होते काँग्रेसचे नारायण काजरोळकर.

भंडाऱ्याचा निकाल मात्र विचित्र लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. म्हणजे एकाच दिवशी, एकाच मतदारसंघाने, जोडीने मते मागणाऱ्या दोघांपैकी मुंबईहून आलेल्या गुजराती गृहस्थाला स्वीकारले आणि राज्यघटनेच्या शिल्पकाराला नाकारले. असे का झाले असावे, याचे उत्तर शोधण्यासाठी फार मोठे ग्रंथ चाळावे लागतील असे मला वाटत नाही. ज्या गावांत पाण्याच्या विहिरी वेगळ्या होत्या, त्या गावांत मतेही वेगळी झाली. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उलट, ते आपणच आधी वाचले पाहिजे.

आणखी एक गोष्ट या निवडणुकीकडे मागे वळून पाहताना लक्षात येते. बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे त्याचे एक मोठे कारण होते. राजीनाम्यामागील निवेदन त्यांना सभागृहात मनाप्रमाणे करता आले नाही, तेव्हा सभागृह सोडून त्यांनी ते वृत्तपत्रांना दिले. म्हणजे भंडाऱ्याच्या त्या जोडीतील एकाने तत्त्वासाठी मंत्रिपद सोडून झाले होते, आणि दुसरा चौदा वर्षांनी सोडणार होता.

विरोधी बाकावरून मंत्रिमंडळात

१९५३ च्या जूनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे अधिवेशन बैतूलला भरले होते. तेथे अशोक मेहतांनी एक विचार मांडला, आणि तोच पुढे त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा धागा ठरला. थोडक्यात तो असा की, मागासलेल्या देशात भांडवल थोडे, गरजा अफाट. अशा देशात विरोधी पक्षाने केवळ विरोधासाठी विरोध करीत बसणे परवडणारे नाही. जेथे एकमत आहे तेथे सरकारशी सहकार्य केले पाहिजे. पक्षातील अनेकांना हे पटले नाही. राममनोहर लोहिया तर या विचाराचे कडवे विरोधक. पण अशोक मेहता आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. १९५७ साली ते मुझफ्फरपूरहून लोकसभेत गेले. त्याच वर्षी सरकारने अन्नधान्य चौकशी समितीचे अध्यक्षपद त्यांना दिले. विरोधी पक्षाचा माणूस सरकारी समितीचा अध्यक्ष, ही त्या काळातही ठळक उठून दिसणारी गोष्ट होती.

१९६३ साली पंडित नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष केले. पंतप्रधान हे आयोगाचे अध्यक्ष असत, तेव्हा रोजचे काम उपाध्यक्षाच्याच हाती. यावरून पक्षाशी त्यांचे फाटले आणि १९६४ मध्ये ते काँग्रेसमध्ये दाखल झाले. जानेवारी १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, तेव्हा नियोजनमंत्री म्हणून त्यांचा केंद्रीय मंत्रिमंडळात समावेश झाला.

ते दिवस कठीण होते. पाठोपाठ पावसाने दगा दिलेला, धान्याची जहाजे अमेरिकेहून यायची, १९६५ च्या युद्धाचा खर्च अंगावर. अशा वेळी मदतीच्या वाटाघाटींसाठी अशोक मेहता वॉशिंग्टनला गेले आणि जागतिक बँकेच्या अध्यक्षांशी बोलून आले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर ७ रुपये ५० पैशांना झाला. अवमूल्यनाच्या बाजूने असलेल्या मोजक्या मंत्र्यांत अशोक मेहता होते. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज नाराज झाले, विरोधकांनी झोड उठवली, आणि अपेक्षेइतकी परकीय मदतही आली नाही. चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली आणि १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे वार्षिक योजनांवर काढावी लागली. समाजवादी म्हणून सुरुवात केलेल्या माणसाच्या नावापुढे असा हिशेब लागला, हे मान्यच करावयास हवे.

१९६७ ची निवडणूक आली आणि अशोक मेहता पुन्हा भंडाऱ्याला आले. या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. १९५४ मध्ये काँग्रेसच्या ज्या बैलजोडीला हरवून ते लोकसभेत गेले होते, तीच बैलजोडी आता त्यांची निशाणी होती. ते निवडून आले.

माझे आबाजी आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी आयुष्यातले पहिले मत या निवडणुकीत दिले. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. मी त्यांना विचारले, “आबाजी, तुम्ही अशोक मेहतांना मत दिलं होतं का?” ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, “आमी त बैलजोडी पाह्यली बाई, मानूस कोन पाह्यते?” या एका वाक्यात पुष्कळ काही आले. दिल्लीच्या मंत्रिमंडळात बसून रुपयाची किंमत ठरविणारा माणूस आपला खासदार आहे, हे रानाच्या कडेला राहणाऱ्या मतदाराला ठाऊक नव्हते. आणि त्या मतदाराच्या घरी रुपया किती दिवस पुरतो, हे त्या माणसाला कितपत ठाऊक होते, हाही प्रश्नच आहे.

प्राग आणि भिलाई

निवडणुकीनंतर अशोक मेहता मंत्रिमंडळात राहिले. नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सप्टेंबर १९६७ मध्ये पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांकडे गेले. अशोक मेहतांकडे पेट्रोलियम, रसायने आणि समाजकल्याण ही खाती होती.

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. तेथील कम्युनिस्ट पक्षाचे नेते अलेक्झांडर डुबचेक यांनी काही महिने राज्यकारभारात मोकळेपणा आणला होता. तो रणगाड्यांखाली चिरडला गेला. भारत सरकारने संसदेत चिंता व्यक्त केली, परंतु निषेधाचा शब्द उच्चारला नाही. त्या वेळी भारत सुरक्षा समितीचा सदस्य होता. तेथे निषेधाचा ठराव आला तेव्हा भारताने तटस्थ राहणे पसंत केले. सरकारचे हे धोरण पटत नाही म्हणून अशोक मेहतांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

सरकारची अडचण समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की दुर्गच्या पुढे भिलाई लागते. तेथील पोलादाचा कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. आपल्या भागातील कित्येक घरांच्या चुली भिलाईच्या पगारावर पेटल्या. शस्त्रे, यंत्रे, तेलाचा शोध, काश्मीरच्या प्रश्नावरील पाठिंबा, सगळे रशियाकडून. अशा मित्राला चारचौघांत दोष देणे देशाच्या हिताचे नाही, असे पंतप्रधानांना वाटले असेल तर ते सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी. लहान देशावर मोठ्या देशाने रणगाडे घालावेत आणि आपण गप्प राहावे, हे ज्याच्या मनाला टोचते त्याने काय करावे?

आपल्या संसदीय पद्धतीत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. मंत्रिमंडळाच्या बंद खोलीत हवे तेवढे भांडा. निर्णय झाल्यावर बाहेर एकच सूर. तो सूर लावता येत नसेल तर बाहेर पडा. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. ही पद्धत कठोर खरी, पण मंत्र्याची सदसद्विवेकबुद्धी आणि त्याची खुर्ची यांत जनतेपुढे निवड करावयास लावणारी आहे.

सगळीकडे असेच असते असे मात्र नाही. स्वित्झर्लंडचे उदाहरण घ्या. त्या देशाचा कारभार १८४८ पासून सात जणांची संघीय परिषद पाहते. संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसून या सातांना एकेक करून चार वर्षांसाठी निवडतात. राष्ट्राध्यक्षपद त्यांच्यातच दरवर्षी फिरते. वेगवेगळ्या पक्षांचे, वेगवेगळ्या भाषा बोलणारे हे सात जण एकत्र निर्णय घेतात. ज्याचे मत फेटाळले गेले, तोही बाहेर येऊन परिषदेच्याच निर्णयाची बाजू मांडतो आणि पदावर राहतो. अविश्वासाच्या ठरावाने त्यांना काढता येत नाही. मतभेदामुळे राजीनामा देण्याची प्रथा तेथे जवळजवळ नाही.

तरीही त्या देशात एक राजीनामा गाजला. माक्स वेबर नावाचे समाजवादी अर्थतज्ज्ञ १९५१ साली परिषदेवर निवडले गेले आणि अर्थखाते त्यांच्याकडे आले. (समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये, ते जर्मन विद्वान वेगळे, आणि ते १९२० सालीच वारले.) या वेबरसाहेबांची करविषयक योजना डिसेंबर १९५३ मध्ये जनमताला टाकली गेली आणि मतदारांनी ती फेटाळली. कायद्याने त्यांना पद सोडण्याची गरज नव्हती. सहकाऱ्यांशी भांडणही नव्हते. पण मतदारांनी माझी योजना नाकारली असेल तर ती योजना सोडून दुसरी राबविणारा मी कोण, असा विचार करून त्यांनी राजीनामा दिला.

दोन्ही राजीनामे शेजारी ठेवून पाहिले की एक फरक मनात भरतो. दोघेही समाजवादी, दोघेही अर्थशास्त्राचे जाणकार. वेबर यांनी पद सोडले ते मतदारांचा कौल मानून. अशोक मेहतांनी सोडले ते स्वतःच्या विवेकाचा कौल मानून. भंडाऱ्याच्या मतदाराला चेकोस्लोव्हाकियाविषयी कोणी विचारले नव्हते, आणि त्याच्या खासदाराने मंत्रिपद का सोडले हे त्याला पुढेही फारसे कोणी समजावून दिले नाही. मला दोन्हींबद्दल आदर वाटतो. पण एक खंतही वाटते. अवमूल्यनाने महागाई वाढली, तेव्हा आमच्या भागातील विडी वळणाऱ्या बाईच्या हातात येणारा पैसा हलका झाला. त्या प्रश्नावर मात्र कोणी मंत्रिपद सोडले नव्हते.

सत्तेबाहेरचे काम

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि अशोक मेहता संघटना काँग्रेसबरोबर राहिले. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. त्यात ते मंत्री झाले नाहीत. त्या वर्षीच्या डिसेंबरात पंचायत राज्याचा फेरविचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘अशोक मेहता समिती’ म्हणून आपण शिकतो ती हीच. तो अशोक मेहता आणि आपल्या जिल्ह्याचा खासदार हे एकच गृहस्थ, हा उलगडा झाला तेव्हापासून मी हे सारे वाचू लागले.

ऑगस्ट १९७८ मध्ये समितीने १३२ शिफारशींचा अहवाल दिला. तिचे म्हणणे असे की, तीन पायऱ्यांऐवजी दोनच पायऱ्या असाव्यात. वर जिल्हा परिषद, आणि खाली पंधरा ते वीस हजार लोकवस्तीची मंडल पंचायत. जिल्ह्याचे नियोजन जिल्हा परिषदेनेच करावे. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. पंचायतींना कर बसविण्याचा अधिकार असावा. सरकारने मनाला येईल तेव्हा पंचायत बरखास्त करू नये. केलीच तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी. आणि पंचायतींना राज्यघटनेत स्थान मिळावे.

१९७९ मध्ये जनता सरकार कोसळले आणि दिल्लीत अहवाल फडताळात गेला. पण कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती आणल्या. महाराष्ट्राने आपली १९६१ च्या कायद्याची तीन पायऱ्यांची चौकट तशीच ठेवली. पुढे ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने तीन पायऱ्या कायम ठेवल्या, पण पंचायतींना घटनेत स्थान, राखीव जागा आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक या गोष्टी आणल्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या अहवालाची छाया तीत स्पष्ट दिसते.

अहवालातील एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. वीस हजार लोकांची मंडल पंचायत हा पाया धरला, तर दोनशे उंबऱ्यांच्या गावाचे काय? समितीचेच एक सदस्य, सर्वोदयी कार्यकर्ते सिद्धराज ढढ्ढा, यांनी मतभेदाची टिपणी जोडून हाच आक्षेप घेतला होता. गाव सोडून पाया वर उचलला जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. आज त्या टिपणीचे महत्त्व आमच्यासारख्यांना अधिक जाणवते. जंगलकाठच्या गावाला मोहफूल कोठे वेचायचे, गुरे कोठपर्यंत न्यायची, वाघाने गाय मारली तर भरपाई कोणाकडे मागायची, तेंदूपानाचे दिवस किती धरायचे, हे प्रश्न वीस हजारांच्या मंडलाचे नाहीत. ते त्या गावाचे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनहक्कांच्या दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून करावयास लावली. अशोक मेहतांच्या अहवालात जे निसटले होते, ते अशा रीतीने जवळपास तीस वर्षांनी कायद्यात आले.

१९८४ साली अशोक मेहतांचे निधन झाले. आमच्या भागात त्यांच्या स्मृतीची खूण मला कोठे आढळली नाही, आणि त्याचे फारसे नवलही वाटत नाही. ते आमचे खासदार होते, आमच्यातले नव्हते. तरीही त्यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. मंत्रिमंडळातील त्यांची अडीच वर्षे आज अर्थशास्त्राच्या इतिहासात एका वादग्रस्त परिच्छेदापुरती उरली. त्यांनी टिकणारे जे केले, ते दोनदा केले आणि दोन्ही वेळा खुर्ची नसताना किंवा खुर्ची सोडताना केले. एकदा परक्या देशातील माणसांसाठी ‘नाही’ म्हटले, आणि एकदा आपल्या देशातील गावांसाठी १३२ वेळा ‘असे करा’ म्हटले.

नेत्याची थोरवी त्याला मिळालेल्या खात्यांवरून मोजण्याची आपली सवय आहे. ‘आपल्या जिल्ह्याला मंत्रिपद मिळाले’ म्हणून आपण फटाके वाजवतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत, असे या अभ्यासातून मला वाटू लागले आहे. आपल्या नेत्याने पद कशासाठी सोडले, किंवा कशासाठीही सोडले नाही? आणि पद नसताना त्याने काय केले? आजच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात मत देणाऱ्या तरुणाने निशाणीच्या पलीकडे जाऊन हे दोन प्रश्न विचारले, तर आबाजींच्या पिढीला जे साधले नाही ते आपल्याला साधेल. बैलजोडी केव्हाच गेली. माणूस पाहण्याचे काम अजून बाकी आहे.